खोली कालच गेली

खडकीच्या क्वार्टरमधून निघाले तेव्हा आईने बेसनाच्या लाडवांचा डबा असा बांधून दिला, जणू मी विलायतेलाच चालले होते. बाबा स्कूटरला बॅग बांधत होते. ते कामाला होते त्या दारूगोळा कारखान्यात काडेपेटी गेटवर जमा करून आत जायचं, पुढे त्यात मोबाईलही आला. त्यामुळे बाबांच्या लेखी दोन्ही एकाच जातीच्या वस्तू, आणि त्यांची मुलगी मोबाईल कंपनीत नोकरीला लागलेली. पण त्या दिवशी ते त्याबद्दल बोलले नाहीत.

"गायकवाड मराठ्यांत आहेत आणि आपल्यातही," ते म्हणाले. "म्हणून लोक पुढचं विचारतील. विचारलं की बौद्ध म्हणून सांगायचं. अर्धं नाव सांगून मिळालेली खोली आपली नसते."

खडकी ते सदाशिव पेठ, याला काय स्थलांतर म्हणायचं, असं तुम्ही क्वार्टरमधले लोक मला अजून चिडवता. बसने अर्धा तास लागतो, कबूल. पण मी आडनाव घेऊन निघाले होते, मला वेळ लागला.

खोली फोनवर ठरली होती. घरमालक काकांनी "सामान घेऊनच या" म्हटलं होतं. दारात त्यांनी माझ्या बॅगेकडे पाहिलं आणि विचारलं, "गायकवाड म्हणजे कुठले आपण?" मी सांगितलं. "अरेरे," काका म्हणाले, "खोली कालच गेली की हो!" त्यांच्या डोक्यावर 'खोली भाड्याने देणे आहे' ही पाटी तशीच लटकत होती. पुण्यात पाटीला खोटं बोलता येत नाही, माणसांना येतं.

खाली बाबा स्कूटर चालू ठेवूनच उभे होते. "घरी जाऊ?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. परत गेले असते तर काका जिंकले असते. मला भयंकर राग आला होता. तो अजून आहे, आणि तो जावा अशी माझी मुळीच इच्छा नाही.

संध्याकाळपर्यंत बिबवेवाडीत एका हार्डवेअरच्या दुकानावरची खोली मिळाली. मी आपणहून सगळं सांगितलं, तर दुकानदार म्हणाला, "ते असू दे, पाणी पहाटे येतं. उठाल ना?"

तेव्हा शहराला मोबाईलचं नवं वेड लागलं होतं. माझं काम म्हणजे गाडीतून गल्लोगल्ली फिरायचं, सतत फोन लावायचा आणि तो कुठे तुटतो ते टिपायचं. घरातून तक्रार आली तर आत जाऊन प्रत्येक खोलीत उभं राहून बोलून बघायचं. समोरून कोणालातरी आवाज कसा येतोय ते सांगावं लागे. बाबा रिटायर झाल्यावर हे काम मी त्यांना लावून दिलं. क्वार्टरमधल्या फोनपाशी ते ड्यूटीवर असल्यासारखे बसत.

एक दिवस तक्रार आली ती त्याच घरातून. काकांनी मला ओळखलं नाही. "या मॅडम, या!" करत त्यांनी मला स्वयंपाकघरात नेलं, देवघरात नेलं. काकू चहा टाकू लागल्या. ज्यांनी उंबरठा ओलांडू दिला नव्हता, ते आता कोपरान् कोपरा दाखवत होते. शेवटी मागची खोली आली. "हिचंच दुखणं आहे," काका म्हणाले. "आयटीतली मुलं येतात, रेंज नाही म्हणून महिन्यात सोडून जातात. आत्ता रिकामीच आहे."

मी खोलीच्या मधोमध उभी राहिले आणि खडकीला फोन लावला. "बाबा, गायकवाड बोलतेय. सदाशिव पेठेतून. हो, त्याच खोलीतून."

पलीकडे क्षणभर खरखर झाली. मग बाबा म्हणाले, "तुटक येतंय. पण नाव नीट ऐकू आलं."

काकांचा चेहरा उतरला. आता त्यांना सगळं आठवलं होतं. "इथे रेंज येईल का हो?" त्यांनी हळूच विचारलं.

"येईल. समोरच्या गच्चीवर टॉवर होतोय. रेंज कुणाला आडनाव विचारत नाही."

जिना उतरताना ते मागून आले. "मॅडम, आपल्याला खोली हवी असेल तर... झालं गेलं विसरून..."

"अरेरे काका," मी म्हणाले, "माझी गरज कालच संपली की हो!"

चहा मात्र मी पूर्ण पिऊन निघाले होते.

पुढे मुदत संपली आणि क्वार्टर सोडावं लागलं. आई-बाबा माझ्याकडे आले आणि दुकानावरच्या खोलीशेजारचाच फ्लॅट आम्ही विकत घेतला. खडकीतल्या आमच्या दारामागे आता दुसरंच कुटुंब राहतं. तुम्ही विचारता, घराची आठवण येत नाही का? येते. पण घर मला त्या भिंतींत सापडत नाही. बाबांनी आता स्वतःचा मोबाईल घेतलाय. गेटवर जमा करायची सवय इतकी मुरलेली की तो दाराजवळच्या फळीवरच असतो. वाजला की ते उठतात, चष्मा लावतात आणि हॅलो म्हणायच्या आधी, जिन्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगतात, "गायकवाड बोलतोय. बिबवेवाडीतून, घरून."