गंगेची वाळू हातात घेऊन

आमच्या गावात गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. आणि गंगेची वाळू हातात घेऊन कुणी खोटं बोलत नाही. बांधाचं भांडण असो की कोंबडीचोरीचा संशय, नदीकाठच्या देवळात वाटीभर वाळू ठेवलेलीच असते. ती मुठीत दिली की भलेभले खरं ओकायचे. मी तरी याच समजुतीवर म्हातारा होत आलो.

पुरानं घाटापुढची सगळी वाळू धुऊन नेली. उरले दगड आणि चिखल. जावळाला, दहाव्याला आलेल्यांना टेकायला जागा राहिली नाही. म्हणून देवळात भरलेल्या ग्रामसभेत ठराव आला की पंचायतीच्या निधीतून घाटापुढं पुन्हा वाळू टाकायची. निधीला कुणाची ना नव्हती. अडलं ते वाळू कुठून उचलायची यावर. एक जागा होती वरच्या वळणावर. दुसरी खाली, जिथल्या वाळूत मी दरसाल टरबुजं लावतो. त्या टरबुजांच्या वाडीवरच आमच्या घराची चूल पेटते, म्हणून मी तेवढ्यापुरता आडवा आलो.

सरपंच माझा लहानपणापासूनचा दोस्त. एकाच भोपळ्याला धरून आम्ही पोहायला शिकलो. त्यानं भरसभेत वाटीतली वाळू मुठीत घेतली आणि म्हणाला, "वाळू वरच्या वळणाचीच येईल. तुझ्या वाडीला हात बी लागायचा न्हाई. कावून घाबरतो बे?"

ठरावाला सगळ्यात आधी हात वर केला तो मी.

वेल फुलावर आले आणि एका सकाळी वाडीवर गेलो, तर पोकलेन माझे वेल मुळासकट उचलून ट्रकात टाकत होतं. ड्रायव्हर म्हणाला, "मामा, आमच्यावर कावून वरडता? सरपंचांनीच जागा दावली." कारण कळायला वेळ लागला नाही. वरच्या वळणाची वाट त्याच्या उसातून जाते. ट्रक तिकडून गेले असते तर ऊस तुडवला गेला असता. केसानं गळा कापणं म्हणजे काय, ते त्या दिवशी समजलं. मी तिथंच बसून रडलो, लाजलो नाही.

घाटावर वाळू पसरल्यावर कार्यक्रम झाला. हार, फेटे, सगळं गाव हजर. मी पुढं गेलो. वाळूत माझ्याच वेलांची सुकलेली पानं दिसत होती. मूठभर वाळू उचलून मी दोस्ताच्या हातात ठेवली आणि म्हणालो, "आता सांग. कुठली हाय ही?"

मला अजूनही वाटत होतं, हा आता मान खाली घालणार. तेवढं केलं असतं तरी मी वाडी सोडून दिली असती.

त्यानं मूठ मिटली, माझ्याकडं बघितलं.

"वरच्या वळणाची," तो म्हणाला. मग हात झाडले आणि फोडायला नारळ मागितला.