एक्केचाळीस नंबरचं रोप

आमच्या घरात पाणी फेकायचं नाही, हे मला कुणी शिकवलं नाही. ते अंगातच होतं. पाहुण्यानं तांब्यातलं अर्धं पाणी पिऊन ठेवलं, की ते उष्टं पाणी परत माठात जात नाही आणि मोरीतही जात नाही. ते दारातल्या लिंबोणीला जातं. कालचं शिळं पाणी लिंबोणीला, तांदूळ धुतलेलं लिंबोणीला. पारनेर तालुक्यातलं आमचं गाव, उन्हाळाभर टँकरची वाट बघणारं. शाळेची सहल म्हटली की बाकीच्या गावांची पोरं किल्ले बघायची आणि आम्हाला आपले राळेगणसिद्धीचे बंधारे. तिसऱ्या वर्षी मी सरळ उभी राहून म्हणाले, "मला नाही यायचं, मला ते पाठ झालेत." बाईंनी कान पिरगाळला आणि सहलीला नेलंच.

तर अशी मी. नगरच्या कॉलेजात वनस्पतीशास्त्र घेतलेलं, केडगावात खोली करून राहिलेली, तोंडानं जरा फटकळ. शेवटच्या वर्षी आमच्या मॅडमनी एक अर्ज भरायला लावला आणि निवड झाली. चार महिने कोस्टा रिकाच्या जंगलात राहून तिथलं जीवशास्त्र शिकायचं. आईला सांगितलं तेव्हा ती घमेल्यात शेण भरत होती. "झाडं बघायला इतक्या लांब?" म्हणाली. "आपल्या बांधावर काय कमी हायेत व्हय?" मग हात धुऊन आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. ती आत रडतेय हे मला कळलं होतं.

तिथे गेल्यावर पहिले पंधरा दिवस मला त्या पावसाचा राग यायचा. खरंच राग यायचा. रोज दुपारी दोनच्या सुमारास सुरू व्हायचा आणि कुणाला त्याचं काही वाटायचंच नाही. कपडे वाळायचे नाहीत, चपलेच्या पट्ट्याला बुरशी, आईनं दिलेल्या शेंगदाण्याच्या चटणीला बुरशी. सकाळी गमबूट घालायच्या आधी उलटे करून आपटायचे, आत कोण बसलंय सांगता येत नाही. आणि एवढं पाणी नुसतं वाहत चाललंय बघून मला वाटायचं, अरे, ह्यातलं थोडं तरी आमच्याकडे वळवा की!

मला काम मिळालं ते तिथल्याच एका संशोधक मुलीच्या हाताखाली. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी, पीएच.डी. करणारी. तिचं इंग्रजी मोडकं, माझंही मोडकं, त्यामुळे आमचं छान जमायचं. मी तिला ताई म्हणायचे. अर्थ सांगितल्यावर तिला ते इतकं आवडलं, की दुसऱ्या कुणी नावानं हाक मारली तरी ती माझ्याकडे बघून हसायची.

तिचं काम साधं होतं. जंगलात तिनं एकाच जातीच्या झाडाच्या रोपांचे वाफे केले होते. अर्धे उघड्यावर, अर्धे प्लॅस्टिकच्या पारदर्शक छपराखाली. छपराच्या कडेनं चर खणलेला, म्हणजे बाहेरचं पाणी आत येणार नाही. एवढ्या पावसाच्या मुलखात समजा पाऊस थांबला, तर ही रोपं किती दिवस टिकतील, आणि एखादं तगून राहतं का, हे तिला बघायचं होतं. प्रत्येक रोपाला पत्र्याचा नंबर. मी रोज जाऊन उंची मोजायची, पानं मोजायची आणि कोमेजण्याचे गुण द्यायचे. एक म्हणजे टवटवीत, पाच म्हणजे गेलं.

नियम एकच होता, कोरड्या वाफ्यात थेंबभरसुद्धा पाणी जाता कामा नये. आणि तो नियम पाळण्यात माझ्याइतकी कडक तिथे दुसरी कुणी नव्हती, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. बरोबरच्या एका मुलीनं छपराखाली येऊन रेनकोट झटकला, तर मी तिच्या अंगावर असली ओरडले, की ती पुढे आठ दिवस माझ्या वाऱ्याला उभी राहिली नाही.

ताईची ही तिसरी खेप होती. पहिल्या वर्षी फांदी पडून छपरं मोडली, दुसऱ्या वर्षी मुंग्यांनी रोपांची पानं कातरून नेली. यंदा काही हाती लागलं नाही तर तुझं काम बंद करू, असं तिच्या मोठ्या सरांनी तिला सांगून ठेवलं होतं. हे तिनं मला एका दुपारी अगदी सहज, भात आणि काळा घेवडा खाताना सांगितलं.

तीन महिने झाले. कोरड्या वाफ्यातली रोपं माना टाकायला लागली. तीनचे चार झाले, चारचे पाच. आमच्याकडची मे महिन्यातली माती भेगाळते तशी तिथली माती भेगाळलेली. पण तिसऱ्या छपराखालच्या कोपऱ्यातलं एक रोप मजेत होतं. एक्केचाळीस नंबर. मी रोज त्याच्यापुढे गुण लिहायचे, एक. परत एक. ताईनं वही बघितली, जाऊन रोप बघितलं, गुडघे टेकून त्याच्या पानांना हात लावला आणि उठून मला गच्च मिठी मारली.

"ह्याला पाणी लागतच नाही!" ती म्हणाली. "शेकड्यात एखादंच असं निघतं. हेच मी शोधत होते!"

तिनं मोठ्या सरांना तिथूनच फोन लावला. ते शुक्रवारी येतो म्हणाले. त्या दिवशी संध्याकाळी जेवणाच्या खोलीत तिनं खुर्चीवर चढून नाच केला आणि मीही केला. आपल्या हातानं मोजलेलं रोप! आईला फोटो पाठवला. आईनं उलट विचारलं, "खाया काय येतं त्याला?"

दुसऱ्या दिवशी मोजणी संपली. बाहेर पाऊस कोसळत होता. मी नेहमीसारखी तिसऱ्या छपराखाली कोपऱ्यात बादली उलटी घालून बसले, कारण तेवढीच एक बसायला कोरडी जागा. बाटलीतलं पाणी प्याले. तळाशी थोडं उरलं. परत जायचं अर्ध्या तासाची चिखलाची वाट, तिथे ताजं भरायचं, मग हे शिळं कशाला वाहायचं? हात आपोआप खाली गेला आणि बाटली उलटी झाली. पाणी भेगेत मुरलं. समोर पत्र्याचा नंबर होता, एक्केचाळीस.

मी आठवायला लागले. काल? काल पण. परवा? रोज. पहिल्या दिवसापासून रोज! उघड्या वाफ्यांकडे मी एकदाही पाणी ओतलं नव्हतं, तिथे ओतावंसं वाटलंच नव्हतं. ही तहानलेली माती बघितली, आणि हातानं घरच्यासारखं केलं. लिंबोणी समजून.

खोटं कशाला सांगू, पहिला विचार आला तो गप्प बसायचा. कुणी पाहिलं नव्हतं. माझे पंधराच दिवस उरले होते. ताईचं काम वाचत होतं, माझे अभ्यासक्रमाचे गुण वाचत होते, सगळ्यांचंच भलं होत होतं. घोटभर पाणी, कोण विचारतंय? असं स्वतःला समजावत मी खोलीवर आले आणि आईला फोन लावला.

तिथे संध्याकाळचे सहा म्हणजे आमच्याकडे पहाटेचे साडेपाच. आई गोठ्यात धार काढत होती. मोबाईल कुठेतरी खुंटीला अडकवलेला, मला नुसती गाईची पाठ दिसत होती. मी सगळं सांगितलं. बादलीत दुधाची धार पडल्याचा आवाज येत राहिला.

"तुला किती डाव सांगितलंय, कामात ध्यान ठेव," आई म्हणाली.

"आई, मी काय करू ते सांग. ओरडतेस काय!"

"वरडत न्हाई. आता त्या रोपाचं काय करनारेत?"

"त्याचं बी वाढवतील. अजून रोपं करतील. जिथे पाऊस कमी पडतो तिथे लावतील."

धारेचा आवाज थांबला. मग गाईच्या पाठीमागून आईचं तोंड वर आलं.

"म्हंजी आपल्याकडं?" ती म्हणाली. "उद्या कुनी आपल्यासारख्याच्या रानात ते बी आनलं, बिनपान्याचं हाय म्हनून लावलं, अन् समदं वाळून गेलं, तर त्या मानसानं कुनाकडं बगायचं? सांग की भवाने."

ती परत खाली बसली. "जा, सांगून ये त्या पोरीला. रडंल बिचारी. पन सांग."

मी तशीच गेले. ताई भिंतीवर तक्ता टाचत होती, सरांना दाखवायचा. मी एका दमात सांगून टाकलं, मध्ये थांबले असते तर जमलं नसतं. तिनं तोंडातली टाचणी काढून हातात धरली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"किती दिवस?" तिनं विचारलं.

"रोज."

"किती पाणी?"

मी तिची काचेची मोजनळी घेतली आणि बाटलीतून अंदाजानं तेवढं पाणी ओतलं. पाणी किती उरलंय, किती सांडलंय हे आम्हाला डोळ्यांनी कळतं, त्यात चूक होत नाही. ऐंशी मिलिलिटर. तिनं नळी दिव्यापुढे धरली, आकडा लिहून घेतला आणि म्हणाली, "जा तू आता."

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मी तिला ताई म्हणून हाक मारायचं सोडून दिलं, कारण तोंडच नव्हतं. शुक्रवारी सर आले. तिनं माझं नाव न घेता सांगितलं, की वाफ्यात पाणी गेलं आणि चूक तिच्याच देखरेखीत झाली. मी पुढे होऊन म्हणाले, "मी ओतलं." सरांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि माझं वाफ्यांवरचं काम बंद झालं. मला भट्टीच्या खोलीत पानं वाळवायला बसवलं. वहीत एक्केचाळीसच्या ओळीवर लाल रेघ आली. ताईला सरांनी आणखी सहा महिने दिले, बाकीची रोपं नीट मोजलेली होती म्हणून. तिचं काम पुढे पूर्ण झालं. त्यात चमत्कार काही नव्हता, पाऊस थांबला की रोपं मरतात एवढंच निघालं.

माझ्या शेवटच्या आठवड्यात उपटणी होती. हे मला आधी माहीत होतं, पण कधी डोळ्यांपुढे आलं नव्हतं. शेवटी सगळी रोपं मुळासकट उपटायची, मेलेली आणि जिवंतही, भट्टीत वाळवायची आणि वजन करायचं. उघड्या वाफ्यातली हिरवीगार रोपंसुद्धा. दिवसभर पिशव्या येत होत्या आणि मी भट्टीत भरत होते. संध्याकाळी ताई दारात उभी राहिली.

"चल," म्हणाली.

तिसऱ्या छपराखाली सगळा वाफा मोकळा झाला होता. कोपऱ्यात एकटं एक्केचाळीस उभं.

"हे गणतीत नाही," ती म्हणाली. "म्हणून ह्याला उपटायचं कारण नाही." मग छपराच्या दोरीची एक गाठ तिनं धरली आणि दुसरी माझ्याकडे केली. "सोड."

प्लॅस्टिक खाली आलं. पाऊस चालूच होता. रोपाची पानं पहिल्या थेंबांनी नुसती हलली. मी तिथेच चिखलात बसून हमसाहमशी रडले, आणि ताई माझ्या डोक्यावर आपला रेनकोट धरून उभी राहिली.

ह्याला आता दोन वर्षं झाली. परवा तिचा फोटो आला. ती रोपाशेजारी उभी आहे आणि रोप तिच्या खांद्याला लागलंय. खाली तिनं रोमन अक्षरांत लिहिलंय, ताई. मी सुट्टीला घरी होते. टँकर नुकताच येऊन गेला होता, आई ड्रमांवर फडकी बांधत होती. मी मोबाईल तिच्यापुढे धरला.

तिनं पदराला हात पुसून तो घेतला आणि डोळ्यांजवळ नेला. "त्येच का गं हे? तू पानी घातलंलं?"

"तेच."

"आता कोन घालतं?"

"पाऊस घालतो. रोज."

"रोज?" आई म्हणाली. तिनं पुन्हा एकदा फोटो बघितला. मग माझ्या हातातला तांब्या काढून घेतला, मी प्यालेलं त्यात घोटभर उरलं होतं, आणि जाऊन लिंबोणीच्या बुडाशी ओतलं. "तू तिकडं हुतीस तवा तुज्या वाटचं म्या घालत हुते," ती पाठमोरीच म्हणाली. "रोज एक तांब्या भरायचे तुज्या नावाचा. अर्धा मी प्यायचे, अर्धा हिला."