चराईबंदीची टेकडी

जमीन राखायच्या खात्यात माणूस दोन पावसाळे टिकला, की त्याच्या सायकलीच्या मडगार्डात माती साचते आणि तोंडात किस्से. माती तरी काडीनं खरवडता येते. किस्सा एक काढला, की त्याच्या मागे चार निघतात.

मी अकोल्याच्या ऑफिसातून तेल्हाऱ्याकडे सर्व्हेअर म्हणून गेलो, तेव्हा पंचविशीत होतो. काम काय, तर सातपुड्याच्या पायथ्याची एक उघडीबोडकी टेकडी तीन वर्षं जनावरांना बंद ठेवायची, उतारावर बांध घालायचे आणि गवत आणायचं. तीन वर्षांनी मोठे साहेब येऊन वरचं गवत पाहणार. पटलं तर बंदी पुढे चालू, नाहीतर टेकडी पुन्हा ढोरांना मोकळी. माझी फार तर बदली झाली असती हो, पण राखणदार संपतची नोकरी त्या गवतावर होती.

*

पहिल्याच आठवड्यात दुर्बीण लावून आम्ही बांधाच्या खुंट्या ठोकल्या. पाणी अडवायचं तर बांध एका पातळीत जातो, टेकडी वळेल तसा वळतो. भाकर खाऊन परत येतो तर काय, सगळ्या खुंट्या दोरी लावून एका रेषेत सरळ! गावातली चार म्हातारी माणसं बाजूला घाम पुसत उभी.

"लई वाकड्या झाल्या होत्या बाबू," त्यातला एक म्हणाला, "आमी नीट करून देल्या. नाई तं तुमची नोकरी जाईन ना बाप्पा!"

आता एवढ्या मायेनं केलेल्या कामावर रागवायचं तरी कसं? मी गुपचूप सगळ्या खुंट्या पुन्हा वाकड्या ठोकल्या. जाता जाता तोच म्हातारा दुसऱ्याला सांगत होता, "पोरगं चांगलं हाय, पन नजर अधू हाय."

*

मग गवत पेरायचं आलं. मजूर बायांची पुढारी कौतिकाबाई. बी ओटीत घेतलं आणि ती हसत सुटली.

"जनमभर गवत निंदून बोटं झिजली, अन् आता तेच पेरा म्हन्ता? सरकारले दुसरं काई काम नाई का?"

हसली, पण पेरलं झकास. पंधरा दिवसांनी हिरवे कोंभ आले, मी नाचायचाच बाकी होतो. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहतो, तर वरचा अख्खा पट्टा साफ! कौतिकाबाई खुरपं घेऊन पुढच्या पट्ट्यात बसलेली.

"काय करून राहिली बाई?" मी ओरडलो.

"काय करू भाऊ, गवत दिसलं की हात थांबत नाई," ती म्हणाली.

तेव्हापासून ती कामाला आली की तिचं खुरपं मी फाटकावर ठेवून घ्यायचो.

*

आता संपतचं ऐका. आदल्याच साली त्याच्या वस्तीनं बौद्ध धम्म घेतला होता. मान ताठ, बोलणं थोडं. गावात पुष्कळांना तेच बोचत होतं, आणि त्यात हा पाटलांची ढोरं अडवणार! पहिल्या दिवशी तमाशा पाहायला निम्मं गाव फाटकाशी गोळा झालं.

संपतनं पहिलं जनावर धरलं ती त्याच्या स्वतःच्या बायकोची शेळी. भर गावातून ती कोंडवाड्यात नेली, बायको मागून शिव्या देत. पाटील पारावरून पाहत होते.

"येडं हाय," एवढंच ते म्हणाले. पण त्या दिवशी त्यांची ढोरं टेकडीपासून परस्पर वळली. संपतशी बायको चार दिवस बोलली नाही, ते वेगळं.

*

दुसऱ्या पावसाळ्यात संपत धापा टाकत माझ्याकडे आला. "बाबू, आत कोनीतरी घुसलं. गवतातून टोपी वर फेकून राहिलं. धराले गेलो तं दडते, मंग आनखी फेकते."

काठ्या घेऊन आम्ही दोघं गवतातून सरपटत गेलो. टोपी उडाली, काळी-पांढरी, आणि तिला पंख! तणमोर होता तो. कोंबडीएवढं पाखरू, मादीला दिसावं म्हणून गवताच्या वर उड्या मारत होतं. वर्षा-दीड वर्षापूर्वी जिथे नुसता मुरूम होता, तिथे हा! मला इतका आनंद झाला की मी संपतला मिठीच मारली.

संपत मात्र काळजीत. "याले आत राहू द्याचं का बाबू? आपल्या कागदात तं काई लिहेल नाई."

*

तिसऱ्या साली पाटलांच्या टेकडीखालच्या विहिरीत होळी उलटून गेली तरी पाणी होतं. पाटील रोज सकाळी काठावरून आत वाकून पाहून जात.

दिवाळीनंतर मोठे साहेब आले. जीप नाल्याच्या रेतीत फसली. साहेबांचा पाय लचकलेला, टेकडी चढणं शक्यच नाही. मग पाटलांनी आपली दमणी जुंपली, साहेबांना त्या बैलगाडीत बसवलं आणि स्वतः हाकत फाटकापर्यंत आणलं. संपत फाटकात आडवा उभा.

"बैल आत जानार नाई पाटील."

फाटकातून दिसायचा तो नुसता खडक. गवत सगळं वरच्या अंगाला. साहेब इथूनच परतले तर तीन वर्षं पाण्यात! मी संपतला बाजूला ओढलं, दमणीमागून चालत आलेला पाटलांचा गडी म्हणाला, "मुसकी बांधतो ना तोंडाले."

"मुसकी गावाले दिसत नाई, बैल दिसते," संपत म्हणाला. "आज हे आत गेले, तं उद्या मी कोनाले अडवू?"

साहेब घड्याळ पाहून म्हणाले, "राहू द्या, मी इथूनच पाहिलं असं समजतो."

पाटील खाली उतरले. दोन्ही बैल सोडून गड्याच्या हाती दिले. डोक्याचा फेटा काढून दमणीत साहेबांच्या मांडीवर ठेवला आणि जुवाची एक बाजू खांद्यावर घेतली.

"संपत, तू तिकून लाग."

संपतनं काठी टाकली आणि दुसऱ्या बाजूला खांदा दिला. साहेब घाबरून उतरायला लागले.

"बसून राहा साहेब," पाटील मागे न पाहता म्हणाले, "रिपोट तुमाले लिहाचा हाय."