डार्करूमवाल्या मॅडम

मॅडम वर्गात आल्या की आधी दिवा बंद करायच्या. पडदे ओढायच्या, दार लावायच्या आणि मग अंधारातून आवाज यायचा, "सांगा बरं, पुढच्या बाकावर कोण बसलंय?" कुणालाच सांगता यायचं नाही. "छान. आता प्रकाशावर बोलू." सांगलीच्या आमच्या कॉलेजात पुढचे बाक कुणाचे आणि मागचे कुणाचे, हे कुणी ठरवलेलं नव्हतं, तरी सगळ्यांना पाठ होतं. फिजिक्सच्या पहिल्याच तासाला ते मोडीत काढणारी बाई आम्ही तोवर पाहिली नव्हती. पोरांनी लगेच नाव पाडलं, डार्करूमवाल्या मॅडम.

मॅडम साताऱ्याजवळच्या एका गावच्या, बौद्ध घरातल्या. त्या शिकत होत्या तेव्हा प्रॅक्टिकलला गट असायचे. दोघं यंत्र हाताळणार, बाकीचे रीडिंग लिहून घेणार. लिहून घेणारे दरवेळी तेच, मुली आणि वस्तीतली पोरं. "तुझं अक्षर फार सुंदर आहे" असं कौतुकानं सांगून पदवीपर्यंत आपल्याला तारेची जाडी मोजायचा साधा स्क्रूगेजसुद्धा धरू दिला नाही, हे त्या हसत सांगायच्या. मला हसू यायचं नाही, अजूनही येत नाही. शिवी दिली तर भांडता तरी येतं. कौतुकाशी भांडायचं कसं?

मॅडम भांडल्या नाहीत, त्यांनी यंत्रच बांधलं. डॉक्टरेटसाठी काचेवर धातूचा अगदी पातळ थर चढवायचा होता आणि त्यांच्या वाट्याला उपकरण येत नव्हतं. भंगारातून सुटे भाग जमवले आणि कुपवाडच्या एका वर्कशॉपात जाऊन बसल्या. तिथे लेथवर माझे वडील होते. ते अजून सांगतात, "लय काटेकोर बाई. केसाएवढा फरक पडला तरी म्हणायच्या, दादा, पुन्हा करू." त्या यंत्रावर त्यांची डॉक्टरेट झाली. नंतर त्याच यंत्रावर काम करायला, ज्यांनी त्यांना हात लावू दिला नव्हता त्यांचे विद्यार्थी परवानगी मागत आले. मॅडमनी दिली. मी दिली नसती.

स्टाफरूममध्ये एकदा एका सरांनी चहा ढवळत विचारलं, "मॅडम, तुमची नेमणूक राखीव जागेवरची ना?"

"हो तर," मॅडम म्हणाल्या. "स्पेक्ट्रोमीटर मात्र सगळ्यांना सारखाच छळतो. चला, लावून दाखवा."

सरांना अचानक तास असल्याचं आठवलं.

परिषदांमध्ये त्यांचा एकच प्रश्न ठरलेला असे. कुणी मोठे पाहुणे विज्ञानात सगळे समान असल्याचं सांगून घाम पुसायला लागले, की मॅडम उठायच्या. "सर, तुमच्या लॅबमध्ये यंत्राला हात कोण लावतं आणि लिहून कोण घेतं?" पाहुणे पाणी प्यायचे. परतीच्या एसटीत त्या मला म्हणायच्या, "काय गं कार्यकर्ती, बघितलंस? भाषणापेक्षा प्रश्न हलका असतो, लांब जातो."

मग सुभेदारांचं प्रकरण झालं. माझ्या वर्गातली सुजाता पाटणकडची, सांगलीत मामाकडे राहायची. फिजिक्समध्ये आम्हा सगळ्यांच्या पुढे. तिचे वडील फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. स्पेक्ट्रोमीटरचा, म्हणजे दुर्बिणीतून प्रकाशाच्या रंगीत रेघा बघायचा प्रयोग डार्करूममध्ये दार लावून होतो आणि गटात मुलंही असतात, हे त्यांना कुणीतरी कळवलं. ते थेट प्राचार्यांकडे आले. पोरीला कॉलेजातून काढतो म्हणाले. प्राचार्यांनी तोडगा काढला, मुली आत असतील तेव्हा डार्करूमचं दार उघडं राहील. दुसऱ्या दिवशी सूचना लागली.

दार उघडं ठेवलं की उजेड आत येतो आणि अंधुक रेघा दिसेनाशा होतात. म्हणजे मुलींनी पुन्हा मुलांची रीडिंगं उतरवून घ्यायची. प्राचार्य इतिहासाचे होते, पण एवढं त्यांना कळत नसेल हे मी मानायला तयार नाही. मी त्याच संध्याकाळी पत्रक लिहिलं. मथळा होता, 'अंधार कुणाच्या डोक्यात?' मॅडमनी ते वाचलं, घडी घातली आणि म्हणाल्या, "अन्याय शब्द दर ओळीला आलाय. सुभेदारांना पत्रक नको देऊस. स्टूल दे."

त्यांनी सुभेदारांना डार्करूममध्ये बोलावून घेतलं. सुभेदार आले, कडक इस्त्रीचा शर्ट, मिशीला पीळ. प्राचार्य उंबऱ्यात उभे राहिले. सूचनेप्रमाणे दार सताड उघडं. मॅडमनी पाऱ्याचा दिवा लावला.

"बसा आबा. दुर्बिणीला डोळा लावा. जांभळी रेघ शोधा."

सुभेदार बसले. बराच वेळ वाकून पाहत राहिले. "हिरवी दिसती. जांभळी न्हाई."

"आहे की. नीट बघा."

"आवं बाई, बॉर्डरवर दुर्बिणीतनंच बघत हुतो आमी. न्हाई म्हंजी न्हाई." मग त्यांनी मान न वळवताच हात मागे केला. "त्ये दार लावा की. उजेड येतोय."

कुणी हललं नाही. सुभेदार वैतागले. "साहेब, दार लावा म्हणतोय."

प्राचार्यांनी दार लावलं. स्वतःच्या हातानं.

अंधारात थोड्या वेळानं सुभेदार म्हणाले, "घावली." मॅडमनी त्यांचा हात प्रिझमच्या टेबलावर ठेवला आणि हळूहळू फिरवायला सांगितलं.

"सरकाय लागली. सरकतीया... थांबली. आता माघारी निघाली. मी तर एकाच बाजूला फिरवतोय. ही माघारी कशापायी फिरती?"

"ते सुजाता सांगेल," मॅडम म्हणाल्या.

सुजाता सांगायला लागली. आधी दबकत, पुस्तकी भाषेत. मग आबांनी मध्येच "म्हंजी?" विचारलं आणि तिची गाडी घरच्या बोलीवर आली. "आवं आबा, किरण प्रिझममधनं जाताना वाकतो. त्यो सगळ्यात कमी कवा वाकतो त्ये आपल्याला धराय लागतंय. तितंच रेघ थांबती." सुभेदार प्रश्न विचारत राहिले आणि लेक उत्तरं देत राहिली. बाप अडल्यावर लेकीला विचारतोय, हे त्या खोलीत पहिल्यांदाच घडत असावं. आम्ही बाकीचे भिंतीला टेकून ऐकत होतो.

बाहेर आल्यावर सुभेदार प्राचार्यांना एवढंच म्हणाले, "नाईट ड्युटीला अंधार चालतोय, तर शिक्षणाला का चालू नये?" सूचना उतरली. शिवाय मॅडमनी नियम केला, आज लिहिणारा उद्या यंत्र धरणार, कुणाचंही अक्षर कितीही सुंदर असो.

पत्रक वाटायला हवं होतं, असं मला अजूनही वाटतं. मॅडमना वाटत नाही. आमचं त्यावर आजही भांडण होतं.

विभागप्रमुखपद ज्येष्ठतेनं मॅडमचं होतं. ते द्यायची वेळ आली तशी संस्थेनं त्यांची बदली आपल्या साताऱ्याच्या कॉलेजात केली. मी मोर्चा काढायला निघाले होते. त्या म्हणाल्या, "बरं झालं, माहेरी चालले." संस्थेला वाटलं विषय मिटला. पण साताऱ्याला विभागात दुसरं कुणी ज्येष्ठ नव्हतंच, त्यामुळे त्यांना विभागप्रमुख करावंच लागलं. आणि सांगलीची डार्करूम आता सुजाता चालवते. एमएस्सी करून तासिका तत्त्वावर लागली आहे. पगार वेळेवर येत नाही, त्याचं पत्रक मी लिहितेच आहे.

मागच्या महिन्यात साताऱ्याला गेले. तिथल्या डार्करूममध्ये व्हॉलीबॉलची जाळी आणि मोडक्या खुर्च्या कोंबलेल्या होत्या. मॅडम आणि पोरी मिळून ती रिकामी करत होत्या. मला बघून मॅडमनी नमस्कार-चमत्कार न करता काळ्या कागदाची गुंडाळी हातात दिली. "उंच आहेस. वरच्या काचा तुझ्या."

मी खुर्चीवर चढले. खाली स्पेक्ट्रोमीटर मांडून झाला होता आणि त्यावरून दोघी पोरींची जुंपली होती.

"पयली मी बसनार."

"तुजा रोल नंबर शेवटचा हाय की गं."

"मॅडम, रोल नंबरवर हाय का?"

"नाही," मॅडम गोंद लावता लावता म्हणाल्या. "ज्याला घाई त्याचा नंबर."

मी शेवटचा कागद चिकटवला. मी खुर्चीवरून उतरेपर्यंत शेवटच्या रोल नंबरची पोरगी स्पेक्ट्रोमीटरसमोर बसून डोळा लावून मोकळीही झाली होती.