मीरदादचा खेळ

शमरोज काकाला आमच्या गावात कुणी नाही म्हणत नसे. पेशावरच्या छावणीला खेटून आमचं गाव, आणि घरटी एक माणूस तरी स्क्वॉशवर पोट भरणारा. कुणी खेळायचं, कुणी साहेब लोकांना शिकवायचं, कुणी जन्मभर रॅकेटच्या तारा ओढत बसायचं, हे काका ठरवायचा. मीरदादचं काय करायचं तेही त्यानेच ठरवलं, आणि मला विचाराल तर साफ चुकीचं ठरवलं.

मीरदाद त्याचा पुतण्या. यारगुल त्याचा मुलगा, मीरदादपेक्षा पाच वर्षांनी धाकटा आणि देशाचा विजेता. थोरल्या भावाला आम्ही लाला म्हणतो, तसं यारगुल मीरदादला लाला म्हणायचा. मीरदादच्या हातात एक अजब गोष्ट होती. कुणाचाही खेळ त्याने एकदा पाहिला की तो हुबेहूब उतरवायचा. इजिप्तचा तौफीक चेंडू कसा कापतो, इंग्रज बार्लो वळताना कसा किंचित लंगडतो, सगळं. काकाने हे हेरलं आणि त्याला यारगुलच्या सरावाला जुंपून टाकलं. यारगुलचा पुढचा सामना ज्याच्याशी, मीरदाद महिना-दोन महिने तो व्हायचा. कबाबवालासुद्धा त्याला विचारायचा, "काय मीरदाद, आज कोण?" आणि हा हसून म्हणायचा, "आज इंग्रज. कबाबात मिरची कमी टाक." त्या हसण्याचा मला राग यायचा.

यारगुल दर वर्षी लंडनला खेळायला जायचा. मीरदादही जायचा, त्याची बॅग घेऊन. सकाळी रिकाम्या कोर्टावर त्याचा घाम काढायचा आणि संध्याकाळी प्रेक्षकांत बसायचा.

त्या हिवाळ्यात ऑस्ट्रेलियाच्या डॉसनचा बोलबाला होता, म्हणून मीरदाद दोन महिने डॉसन होता. डॉसनची एक खोड होती. अडचणीत सापडला की तो डाव्या पुढच्या कोपऱ्यात अगदी हलका चेंडू सोडायचा, भिंतीला पापा दिल्यासारखा. मीरदादने तो फटका यारगुलला इतक्या वेळा मारला की यारगुल झोपेतही तिकडे धावला असता.

आणि त्याच हिवाळ्यात मीरदादने कुणालाही न विचारता राष्ट्रीय स्पर्धेत आपलं नाव दिलं. स्पर्धा आमच्याच कोर्टावर होती. जिंकणाऱ्याला लंडनच्या स्पर्धेत जागा मिळणार होती. यारगुलला लंडनचं आमंत्रण वेगळं आलेलंच होतं, म्हणजे मीरदाद जिंकला असता तर त्याचं काहीएक बिघडत नव्हतं. फक्त मीरदाद एकदा स्वतःच्या नावाने तिथे खेळला असता. पठ्ठ्याने समोर येईल त्याला त्याच्याच फटक्यांनी हरवलं आणि अंतिम सामन्यात यारगुलसमोर येऊन उभा राहिला.

मी खैरुल्ला, त्या कोर्टाचा मार्कर. वर गॅलरीत बसून गुण पुकारायचे हे माझं काम. मार्करने चेहऱ्यावर काही दाखवायचं नसतं. त्या दिवशी मला ते फार जड गेलं.

थंडी मरणाची होती, चेंडू उसळायला तयार नव्हता. पहिला गेम मीरदादने नऊ-दोन असा हातोहात घालवला. तो बार्लो झाला, तौफीक झाला, डॉसन झाला, पण हे सगळे पाहुणे यारगुलच्या चांगल्या ओळखीचे होते. विश्रांतीत काका कठड्यावरून वाकला.

"छान. दुसराही लवकर उरक. पोराचा गुडघा दुखतोय, उगाच दमवू नकोस त्याला."

"काका, मी खेळायला आलोय," मीरदाद खालून म्हणाला.

"खेळ की. कोण अडवतंय? फक्त आता कोण होऊन खेळणार ते सांग, म्हणजे पोराला तशी तयारी करता येईल."

गॅलरी फिदीफिदी हसली. मीरदाद हसला नाही. त्याचे कान लाल झालेले मला वरून दिसले.

दुसऱ्या गेममध्ये तो वेगळंच काही खेळायला लागला. मला आधी वाटलं, हाही कुणीतरी परदेशी असणार, आपण न पाहिलेला. चेंडू उंच, सावकाश, भिंतीला धरून मागच्या कोपऱ्यात. मग रॅकेट वर उचलून तो थांबायचा. आता मारेल असं वाटून यारगुल एका बाजूला निघायचा, आणि हा अगदी शेवटच्या क्षणी दुसऱ्या बाजूला मारायचा. घाई नाही, लंगडणं नाही, कापणं नाही. तीन-चार गुण गेल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा मीरदाद होता. इतकी वर्षं मी त्याला रोज खेळताना पाहत होतो आणि त्याचा खेळ मला माहीत नव्हता.

दुसरा गेम त्याचा. तिसराही त्याचा. काका खाली उतरून यारगुलच्या कानाशी लागून काहीबाही सांगत होता, आणि यारगुल वैतागून म्हणाला, "बाबा, लाला कुठे मारणार ते मला कळतच नाहीये. तुम्हाला कळत असेल तर तुम्ही उतरा." मीरदादजवळ कुणी गेलं नाही. तो भिंतीला टेकून एकटाच पाणी पीत होता. मला उठून जावंसं वाटत होतं, पण मार्करला जागा सोडता येत नाही.

चौथा यारगुलने निव्वळ पायांच्या जोरावर ओढून नेला. दोन-दोन. पाचव्यात दोघं एकेका गुणासाठी झुंजत वर चढले. तेव्हा सर्व्हिस ज्याची त्यालाच गुण मिळायचा, त्यामुळे नुसतीच सर्व्हिस इकडून तिकडे जायची आणि आकडा तिथेच. शेवटी मीरदादच्या सर्व्हिसवर मी पुकारलं, "आठ-सात. मॅच बॉल."

एक गुण. तो आला की लंडनच्या तक्त्यात मीरदादचं नाव.

तो फेरा संपता संपेना. उंच चेंडू, मागचा कोपरा, पुन्हा उंच चेंडू. यारगुलचा दम फुलला होता. मग त्याचा एक फटका फसला आणि चेंडू कोर्टाच्या मधोमध आला. यारगुल पार मागे होता. समोर सगळं कोर्ट मोकळं. मीरदादने रॅकेट उचललं आणि थांबला. कुठेही मारला असता तरी चाललं असतं. आणि त्याच्या हाताने डाव्या पुढच्या कोपऱ्यात तो हलका चेंडू सोडला.

डॉसनचा.

यारगुल चेंडूच्या आधी तिथे पोचला होता. ते पाय मीरदादनेच तयार केलेले. त्याने चेंडू अलगद उचलून मागे टाकला आणि मीरदाद जागचा हलला नाही.

सर्व्हिस यारगुलकडे गेली. पुढचा गुण त्याने घेतला, आठ-आठ झाले. अशा वेळी खेळ नऊवर संपवायचा की दहावर न्यायचा, हे ज्याच्याकडे सर्व्हिस नाही त्याने सांगायचं असतं. मी विचारलं, "मीरदाद, नऊ की दहा?" त्याने दहा म्हणावं म्हणून मी मनातल्या मनात दुआ मागत होतो. तो स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होता. "नऊ," तो म्हणाला. पुढचा चेंडू त्याने समोरच्या भिंतीच्या तळाच्या पत्र्यावर मारला, म्हणजे बाद. मी नऊ-आठ पुकारलं. आवाज माझाच होता, पण कसा निघाला ते अल्लाला ठाऊक.

काका सगळ्यांचे मुबारक घेत फिरला. त्या वर्षीच्या लंडनच्या तक्त्यात मीरदादचं नाव आलं नाही, पुढेही कधी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीरदाद सरावाला आला नाही. काकाने मला पिटाळलं, "जा, डॉसनला उठवून आण."

मीरदाद अंगणात खाटेवर बसला होता. पुढ्यातला कहवा गार झालेला. "काकाला सांग, डॉसन मेला," तो म्हणाला.

मी काही बोलायच्या आत यारगुल आत आला. माझ्या मागोमागच निघाला असावा. बगलेत रॅकेट होतं. सलाम नाही, दुआ नाही, थेट म्हणाला, "लाला, चल. डॉसन नको. काल खेळलास ते खेळ. ते मला येत नाही."

मीरदादने गार कहवा बाजूला सरकवला. मग उठून बूट चढवायला लागला.

कोर्टावर त्याने सर्व्हिस केली. चार-पाच फटके मारले. बार्लो आला. मग तौफीक आला. तो थांबला, खांदे सैल केले, पुन्हा सुरुवात केली, आणि डॉसन आला. त्याने चेंडू हातात धरला. कपाळावर घाम होता आणि तो खेळण्याचा नव्हता.

"कसं होतं रे ते?" त्याने विचारलं. "माझं?"

मी गॅलरीत होतो, तोंड फिरवून घेतलं. यारगुल हसला नाही. त्याने चेंडू घेतला आणि उंच, सावकाश, भिंतीला धरून मारला. पुढच्या चेंडूला रॅकेट उचलून थांबला, पण थांबणं त्याला जमलं नाही, हात आधीच सुटला आणि चेंडू पत्र्यावर आपटला. देशाचा विजेता नवशिक्यासारखा दिसत होता.

"इथे तू थांबायचास," तो म्हणाला. "मला वाटायचं आता मारतोय, आता मारतोय, आणि तू मारायचाच नाहीस. मी मधल्या मध्ये मेलो."

एवढ्यात काका गॅलरीत आला. "हे काय चाललंय? लंडन तोंडावर आलंय आणि तुम्ही कसला खेळ मांडलाय?"

"बाबा, जरा गप्प बसा," यारगुल वर न बघता म्हणाला. काकाला कुणी तसं बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं. काका खाली बसला.

यारगुलने पुन्हा उंच चेंडू मारला, पुन्हा रॅकेट उचललं. मीरदाद बाजूच्या भिंतीला पाठ टेकून बघत होता. पापणी हलत नव्हती त्याची.

"मी असा दिसतो?"

"असा नाही, लाला. मला जमत नाहीये."

"पुन्हा मार," मीरदाद म्हणाला.