लाखावरची एक वात

सासूबाईंचा आणि माझा पहिल्या दिवसापासून छत्तीसचा आकडा. मी शहापुरातल्या मागवाल्या विणकराची मुलगी, हायस्कूलमध्ये गणित शिकवते. सासरचे कंग्राळीचे शेतकरी. धाकट्या लेकानं आपल्या मनानं लग्न केलं याचा राग सासूबाईंनी पाच वर्षं माझ्यावर काढला, आणि मीही काही कमी केलं नाही.

त्या वर्षी माझा नवरा आणि थोरले दीर यांच्यात घर वेगळं करण्यावरून जुंपली. सासूबाईंनी लक्ष वातींचा नवस बोलला. चातुर्मासात वाती वळायच्या, एक लाख आणि वर एक. "एक वर घेतली की भाग जात न्हाय बघ. घर बी फुटत न्हाय," त्या जावेला सांगायच्या. मला सांगत नसत, पण मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलत.

घरातल्या प्रत्येकाच्या नावानं दहा हजार वाती. पुरुषांच्या आणि पोरांच्या अर्थातच आम्ही बायकांनी वळायच्या. शाळेतून आले की मी नवऱ्याच्या वळत बसायची, शंभराची जुडी दोऱ्यानं बांधायची. सासू, सासरे, नणंद, दीर, जाऊ, त्यांची चार मुलं आणि माझा नवरा. दहा जणांत लाख भरले. माझ्या नावाच्या कुठे आहेत, हे मी विचारलं नाही. जीव मात्र जळत होता.

वळता वळता मी तो एक लाख एकचा आकडा मनातल्या मनात फोडून बघितला. दोननं जात नाही, तीननं नाही, पाचनं नाही, सातनंही नाही. पण एकाआड एक अंक घेऊन बेरजा केल्या, तर दोन्हीकडे एकच येतो. म्हणजे अकरानं पुरता जातो.

वाती लावायच्या दिवशी अंगणात भावकी जमली. परातीत हजार जुड्या, वरची ती एक वात वेगळ्या तबकात. "ह्येचं वाटंच हुईत न्हाईत," सासूबाई सगळ्यांना सांगत होत्या. मला राहवलं नाही.

"होतात," मी म्हणाले. "अकरा वाटे. प्रत्येकी नऊ हजार एक्याण्णव, बाकी शून्य. आणि या घरात माणसं अकराच आहेत, आई."

नवरा तिथून सटकायला चप्पल शोधू लागला. त्याचा राग मला आजही आहे.

"आमी दहाच," सासूबाई म्हणाल्या. "तबकात एक ऱ्हायलीय न्हवं? ती तुझी समज."

कोणीतरी फिसकन हसलं. माझे डोळे भरून आले, पण मी मान खाली घातली नाही.

"माझी ना? मग नेते." मी वात उचलली आणि पर्समध्ये टाकली. मग वर्गात सांगते तसं सावकाश सांगितलं, "आता राहिल्या बरोबर एक लाख. भाऊ दोन. पन्नास-पन्नास हजार."

सासूबाई परातीकडे बघत राहिल्या. "ठेव गं ती," त्या हळूच म्हणाल्या.

पाच वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे काही मागितलं होतं. मी दिलं नाही.