आर्याजींचा उपास

विहारात स्वयंपाक बघणाऱ्या वेणूबाईंचा फोन आला तेव्हा मी जव्हारच्या एस.टी. डेपोत खोडाळ्याच्या गाडीची वाट बघत होतो. "गुरुजी, आर्याजी गेल्या," एवढंच त्या म्हणाल्या. नाशिकच्या दवाखान्यात, पहाटे... गाडी लागली, सुटली. मी बाकावरच बसून राहिलो.

भिक्खुणी आर्या खेमा विदर्भातून आमच्या विहारात वर्षावासाला, पावसाळ्याच्या मुक्कामाला आल्या आणि इथल्याच झाल्या. विहारामागच्या पत्र्याच्या खोलीत त्या राहत. मी शाळेतून निवृत्त झालेला, विहार समितीचा सचिव. जामसर, खोडाळा, मधले पाडे त्या पायी फिरत. ज्या घरांनी कधी विहार पाहिला नव्हता, तिथल्या बायाही आजारपणात त्यांना बोलावत. जामसरला एक म्हातारी शेवटच्या घटका मोजत होती, घरात रडारड चाललेली. आर्याजी उशाशी बसल्या, तिचा हात हातात घेतला आणि हलक्या आवाजात बुद्धवचनातलं सुत्त म्हणू लागल्या. हळूहळू घर शांत झालं. म्हातारीचा श्वास त्या आवाजाच्या लयीत चालू लागला आणि त्याच लयीत थांबला. एवढं निर्भय मरण मी त्याआधी पाहिलं नव्हतं. दारात उभ्या उभ्या मी नकळत हात जोडले होते.

पण विहारात ते हात कोणासाठी जुळायचे? ठाण्याहून तरुण भिक्खू, आमचे भन्ते, आले की आम्ही सगळे ताडकन उभे राहायचो. त्यांना मंचावर गादी, आर्याजींना खाली बायकांत चटई. चीवर, म्हणजे भिक्खूंचं वस्त्र, घेऊन आर्याजींना कितीतरी जास्त वर्षं झालेली, तरी त्या भन्तेंपुढे गुडघे टेकून वंदन करत. मी एकदा म्हटलं, "तुम्ही एवढ्या ज्येष्ठ, तुम्हाला काही वाटत नाही?"

"मी चीवराला वाकते, गुरुजी," त्या हसल्या. "माझ्याही अंगावर तेच आहे. मी आले की तुम्ही मात्र बसल्या जागेवरून विचारता, काय ताई, कधी आलात?"

मीही हसलो. विषय तिथेच संपवला.

आता खरी गोष्ट. चीवर घेतलेल्यांनी दुपारी बारानंतर जेवायचं नसतं. भोजनदानाच्या दिवशी आमच्याकडे आधी भन्ते, मग पाहुणे, मग पुरुष, शेवटी बायका. धम्मात भन्तेंच्या पाठोपाठ भिक्खुणीचं भिक्षापात्र वाढायचं असतं. आम्ही आर्याजींना बायकांत धरलं. वेणूबाई स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "गुरुजी, बारा वाजाया आलं! आर्याजींचं ताट वाढू का?" मी म्हणायचो, "थांबा हो, पाहुण्यांचं होऊ द्या." ताट पोचायचं तेव्हा बारा टळलेले असत. आर्याजी ते शेजारच्या बाईपुढे सरकवत आणि थेट दुसऱ्या सकाळपर्यंत पाण्यावर राहत. त्याच दुपारी त्यांचं प्रवचन असे. "पोट मोकळं असलं की आवाज चांगला लागतो," म्हणायच्या. आणि खरंच, तसा आवाज मी कुठल्याच मंचावरून ऐकला नाही...

लोक म्हणू लागले, आर्याजी फार उपास करतात. मी ते खोडलं नाही. उलट पाहुण्यांना कौतुकाने सांगत राहिलो.

श्रद्धांजली सभेतही वक्त्यांनी त्यांच्या उपासांचा गौरव केला. तेवढ्यात बायकांतून वेणूबाई उठल्या. "उपास कशाचं? ताटच उशिरा जायचं त्यांचं!"

मंचावरचे ठाण्याचे भन्ते खाली उतरले, माझ्यासमोर येऊन उभे राहिले. त्यांचा चेहरा उतरला होता. "खरं आहे का हे, गुरुजी? मला कुणी कधी सांगितलं नाही."

मी म्हणालो, "झालं असेल एखाद्या वेळी."

वेणूबाई माझ्याकडे बघत खाली बसल्या.

भन्ते, तेव्हा टाळलं ते आता सांगतो, एखाद्या वेळी नाही. दर वेळी. वेणूबाई खरं बोलल्या आणि ताट मी थांबवत होतो. भोजनदानाच्या दर संध्याकाळी सतरंज्या गोळा करून मी निघालो की आर्याजी खोलीच्या दारात येत आणि विचारत, "गुरुजी, धावपळीत तुम्ही जेवलात ना?"